बेवारस घराचा मालक कोण? पुणे शहरातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये कौले खचलेला, दिंडीला गंजके कुलूप लागलेला आणि वर्षानुवर्षे कोणी फिरकत नसलेला वाडा दिसला, की त्याला सर्रास ‘बेवारस’ म्हटले जाते. कायद्याच्या अर्थाने बेवारस वास्तू मात्र निराळी असते. तिचा मालक मृत्युपत्र न करता मरण पावलेला असतो आणि वारसाहक्क सांगू शकेल असा एकही नातलग मागे उरलेला नसतो. अशी वास्तू या शहरात फार क्वचित आढळते. ओसाड वाड्यांपैकी बहुतेकांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे, कारण त्यांना वारस नाहीत म्हणून नव्हे, तर वारस अतोनात झाले म्हणून ते ओस पडले आहेत. मालक मरून गेलेले घर दुसऱ्याच्या नावावर कायदेशीरपणे कसे जाते, या प्रश्नाला धर्मशास्त्र, पेशवाई, कंपनी सरकार आणि प्रजासत्ताक यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. पण नुसत्या रिकामेपणाला यांपैकी कोणीही मालकी संपल्याचा पुरावा मानले नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे.

महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांच्या वारसाचा विचार शतकानुशतके याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही टीका यांच्या आधाराने होत असे, आणि सतराव्या शतकातील नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’लाही येथे मान होता. या परंपरेत वारसांची रांग विलक्षण लांब आहे. मुलगा, नातू आणि पणतू नसतील तर पत्नी, मग मुलगी, मुलीचा मुलगा, आईवडील, भाऊ आणि पुतणे येतात. त्यांच्यानंतर गोत्रज सपिंड, म्हणजे एकाच गोत्रातील सात पिढ्यांपर्यंतचे आप्त, आणि पुढे समानोदक, म्हणजे चौदाव्या पिढीपर्यंतचे दूरचे भाऊबंद येतात. तेही नसतील तर भिन्न गोत्रातले पण रक्ताने जोडलेले बंधू, त्यांच्या अभावी गुरू, शिष्य आणि सहाध्यायी यांचा क्रम लागतो. एवढी सगळी माणसे संपल्यावरच धन राजाकडे जाते, म्हणजे ‘राजगामी’ होते, आणि तेथेही ब्राह्मणाचे धन राजाने घेऊ नये, ते वेदज्ञ ब्राह्मणांना द्यावे, असा अपवाद आहे. गुरूपासून सहाध्याय्यापर्यंत पोचणाऱ्या या यादीमागचा हेतू उघड आहे: घर शक्यतो सरकारजमा होऊ नये, आणि मृताचे श्राद्ध करणारा कोणीतरी त्या घराशी बांधलेला राहावा.

मराठी राज्यातील व्यवहार या शास्त्राच्या जोडीला रूढीवर चाले आणि ती रूढी शेतजमिनीच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. ज्या मिरासदाराचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्काने जमीन धारण करणाऱ्याचे, कूळ नष्ट झाले किंवा परागंदा झाले, त्याच्या जमिनीला ‘गतकुळ’ म्हणत. डब्ल्यू. एच. साईक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या जमीनधारणेवर १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या गतकुळ जमिनींची सविस्तर चर्चा केली आहे. अशी जमीन गावाचा पाटील नव्या माणसाला मिरासपत्र करून देऊ शकत असे, परंतु दुष्काळामुळे वा कर्जामुळे गाव सोडून गेलेला मूळ मिरासदार किंवा त्याचा वंशज दीर्घ काळाने परत आला तर त्याचा दावा ऐकून घेण्याची प्रथा होती. गैरहजेरी आणि हक्कत्याग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व त्या काळच्या गावगाड्याला पूर्णपणे ठाऊक होते.

शहराचे चित्र गुंतागुंतीचे होते. कसब्याच्या भोवती पेशव्यांनी आणि त्यांच्या सरदारांनी पेठा वसवल्या, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ उभी राहिली, आणि प्रत्येक पेठेत बाहेरून आलेल्या सावकार, कारकून, भिक्षुक, कारागीर आणि शिलेदार यांना घरासाठी जागा मिळाल्या. या वस्तीवर देखरेख कोतवालाची असे. बंदोबस्त आणि बाजारभाव यांच्याबरोबरच रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे मिटवणे आणि शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणे ही त्याची कामे होती. बेवारस मालमत्तेसाठी ‘बैतुलमाल’ ही संज्ञा मुसलमानी राजवटीच्या कारभारातून आलेली होती. मूळ अरबीत तिचा अर्थ सार्वजनिक खजिना असा आहे आणि वारस नसलेले धन शेवटी त्यात जाते, ही कल्पना तिच्यात गृहीत आहे.

तरीही पेशवाईत निपुत्रिकाचे घर सरकारजमा होण्याआधी एक मोठा दरवाजा उघडा असे, तो म्हणजे दत्तकविधानाचा. वतन, इनाम किंवा सरंजाम असलेल्या घराण्याने दत्तक घेताना सरकारची परवानगी घ्यावी आणि नजर, म्हणजे मान्यतेसाठी द्यावयाची रक्कम, भरावी असा रिवाज होता, आणि गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींमध्ये अशा परवानग्यांच्या नोंदी आहेत. साध्या गृहस्थाच्या घराला एवढा सोपस्कार लागत नसला, तरी विधवेने भाऊबंदांतील एखादा मुलगा मांडीवर घेऊन वंश आणि वाडा दोन्ही राखणे ही नित्याची गोष्ट होती. मात्र राज्यकर्त्याचा रोष असेल तर शास्त्र आणि रूढी दोन्ही दुबळी पडत, याचे उदाहरण पुण्यातच आहे. नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजी निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांची अल्पवयीन पत्नी जिऊबाई हयात असतानाही दुसऱ्या बाजीरावाने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. पुढे इंग्रजांच्या मध्यस्थीने जिऊबाईंना नेमणूक मिळाली, मेणवलीचा वाडा घराण्याकडे राहिला आणि त्यांनी दत्तकही घेतला. पुण्यातील नानावाडा मात्र घराण्याच्या हातून गेला आणि त्यात पुढे शाळा भरू लागल्या. या घटनेत वारस नसणे हे निमित्त होते आणि सत्ता हे कारण होते. बेवारस मालमत्तेच्या इतिहासात ही जोडी वारंवार भेटते.

विसाव्या शतकात ओसाड झालेल्या वाड्यांची चर्चा बरीच होते, परंतु पुण्याने घरे रिकामी होण्याचा मोठा फटका त्याआधीच खाल्ला होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, शहराची लूट झाली, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. लोक मेले, पळाले, कोकणात किंवा अन्यत्र गेले. परत आलेल्यांना आपल्या जागेवर दुसरा बसलेला दिसला तर तंटा उभा राही, आणि अशा तंट्यांत कागदाइतकेच शेजाऱ्यांच्या साक्षीला वजन असे.

इंग्रजी अंमल आला तो या साक्षीच्या जागी मुदत आणि दाखला या दोन गोष्टी घेऊन. १८१८ नंतर काही वर्षे दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि त्याच्यानंतर विल्यम चॅप्लिन यांनी पंचायतींमार्फत न्याय चालू ठेवण्याचा प्रयत्न केला, पण १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी विनियमांचा एक संच, ज्याला ‘एल्फिन्स्टन कोड’ म्हणतात, तयार झाला आणि त्याच वर्षीच्या एकोणतिसाव्या विनियमाने दख्खन आणि खानदेश हे प्रदेश त्याच्या कक्षेत आले. त्यातील दोन विनियम पुण्याच्या घरांसाठी निर्णायक ठरले. पाचव्या विनियमाने ठरवले, की तीस वर्षांहून अधिक काळ मालक या नात्याने अखंड ताबा असेल तर तो ताबाच हक्काचा पुरेसा पुरावा मानावा. आठव्या विनियमाने वारस, मृत्युपत्राचा अंमल करणारे आणि मालमत्तेचे व्यवस्थापक यांना न्यायालयाने औपचारिक मान्यता देण्याची रीत घालून दिली, आणि जेथे हक्क सांगणारा कोणीच पुढे येत नाही तेथे जिल्हा न्यायाधीशाने मालमत्ता सांभाळण्यासाठी प्रशासक नेमावा अशीही तरतूद केली. मालकाच्या मृत्यूनंतर घराचे काय करायचे, याचे उत्तर आता कोतवालाच्या चावडीऐवजी न्यायालयाच्या जाहीरनाम्यात शोधावे लागू लागले.

ताब्याची मुदत पुढे झपाट्याने आखूड झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने स्थावराच्या दाव्यासाठी बारा वर्षांची मर्यादा घातली. त्या कायद्याने मालकाचा दावा अडवला जात असला तरी त्याचा हक्क संपतो असे स्पष्ट म्हटलेले नव्हते, आणि ती पुढची पायरी १८७१ च्या कायद्याने गाठली, ज्यात मुदत संपताच जमिनीवरचा हक्कच नष्ट होईल असे लिहिले गेले. तीस वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत आणि दावा अडण्यापासून हक्क मरण्यापर्यंतचा हा प्रवास जेमतेम अर्ध्या शतकात झाला. ज्या समाजात परागंदा झालेल्या माणसाचा वंशजही परत येऊन ओसरीवर हक्क सांगू शके, त्या समाजाला हा बदल किती परका वाटला असेल याची कल्पना करता येते. दुसऱ्याच्या मालमत्तेवर उघडपणे, अखंडपणे आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारून ठेवलेल्या या ताब्याला कायद्याच्या मराठीत ‘प्रतिकूल कब्जा’ म्हणतात, आणि बोली व्यवहारात त्याचा उल्लेख बहुधा ‘वहिवाट’ या मोघम शब्दाने होतो. या मोघमपणानेच अनेकांना पुढे गोत्यात आणले आहे.

याच सुमारास वारस नसण्याच्या तत्त्वाला राजकीय धारही आली. सातारचे अप्पासाहेब महाराज १८४८ साली वारले, तेव्हा मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक गव्हर्नर-जनरल डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केले. नागपूर आणि झाशी यांची पाळी १८५४ साली आली. खाजगी घरांना हे धोरण लागू नव्हते, पण निपुत्रिकाचे धन सरकार घेते ही भीती त्याने घरोघरी पोचवली. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८६० च्या आसपास मच्छलीपट्टणमच्या खटल्यात ब्राह्मणाची बेवारस मालमत्ताही राजगामी होऊ शकते असा निर्णय दिला, आणि स्मृतींनी राखून ठेवलेला अपवाद एका फटक्यात निकालात निघाला. पुण्यासारख्या ब्रह्मवृंदाच्या शहरात या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. उलट दिशेने मुंबई उच्च न्यायालयाने १८६८ साली रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात महाराष्ट्रातील विधवेला पतीच्या स्पष्ट अनुज्ञेवाचूनही दत्तक घेता येतो हे मान्य केले. सरकारला वाडा मिळण्याची शक्यता या एका निकालाने जितकी कमी केली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल.

प्लेगने १८९६-९७ पासून पुण्याला ग्रासले. लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले आणि काही घराण्यांत कर्ती माणसे पाठोपाठ गेली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने पुन्हा तेच केले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले, आणि मालक-भाडेकरू दोघेही लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींकडे सरकले. पण आपत्तींपेक्षाही वाड्यांवर खोल परिणाम केला तो १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. भाडे गोठले, दुरुस्ती परवडेनाशी झाली, आणि मालकाच्या मुलांना वडिलोपार्जित वाड्यात रस उरला नाही. ती डेक्कन, कोथरूड, मुंबई किंवा अमेरिका येथे स्थायिक झाली. भाडे वसूल करायलाही कोणी न येणारे वाडे याच धोरणातून निर्माण झाले आहेत, असे म्हणणे भाग आहे. अशा वाड्यात पन्नास वर्षे राहिलेल्या भाडेकरूला बारा वर्षांच्या नियमाचा आधार वाटतो, पण भाडेकरू म्हणून आत आलेल्याला त्या मालकाचे मूळचे स्वामित्व नाकारता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. राखणदाराची स्थितीही तीच. गोव्यातील एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले, की रखवालदार, नोकर किंवा सांभाळ करणारा माणूस कितीही वर्षे राहिला तरी त्याला घरावर हक्क मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने राजगामी होण्याचे तत्त्व ठेवले, पण त्याच्या वाटेत माणसे आणखी वाढवली. संविधानाच्या अनुच्छेद २९६ नुसार योग्य मालकाअभावी उरलेली मालमत्ता ज्या राज्यात असेल त्या राज्याकडे जाते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २९ नुसार वारस नसलेल्या हिंदूची मालमत्ता तिच्यावरील कर्जांसह आणि जबाबदाऱ्यांसह शासनाकडे जाते. मात्र त्याआधी वर्ग एक आणि वर्ग दोनचे वारस, त्यांच्यानंतर गोत्रज, म्हणजे केवळ पुरुषांमार्फत जोडलेले आप्त, आणि नंतर भिन्नगोत्रज, म्हणजे मध्ये कोठेतरी स्त्री असलेल्या नात्याचे आप्त, हे सर्व संपावे लागतात, आणि या शेवटच्या दोन गटांना पिढ्यांची मर्यादाच नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा दिला, त्यामुळे अनेक वाड्यांमागची नावे आणखी वाढली. हा बदल न्याय्य होता यात शंका नाही, पण त्याच्या परिणामी एकेका घराच्या विक्रीसाठी लागणाऱ्या सह्यांची यादी पानभर झाली, हेही खरे.

शासनालाही अशी मालमत्ता सहजासहजी मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३४ नुसार भोगवटादार, म्हणजे शासनाकडून जमीन धारण करणारा, मृत्युपत्राविना आणि ज्ञात वारसांविना मरण पावला तर जिल्हाधिकारी ताबा घेतो, ती जमीन एकेका वर्षाच्या कराराने देऊ शकतो, तीन वर्षे दावेदाराची वाट पाहतो आणि कोणी न आल्यास लिलाव करू शकतो. वारस नाहीत हे सिद्ध करण्याचा भार मात्र शासनावर असतो. बिहारमधील बेतिया संस्थानाच्या प्रकरणात १९८३ साली आणि हरिद्वारच्या एका आश्रमाच्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम लावला. शासकीय जागेवर कब्जा सांगू पाहणाऱ्यासाठी मुदतही वेगळी आहे: १९०८ च्या कायद्यात ती साठ वर्षे होती, १९६३ च्या कायद्यात तीस आहे.

खाजगी मालकाविरुद्ध १९६३ च्या मुदत अधिनियमातील अनुच्छेद ६५ ची बारा वर्षे लागू होतात, पण ती केव्हापासून मोजायची हा खरा वाद असतो. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सर्वांचा ताबा मानला जातो, म्हणून वाड्यात एकटा उरलेला चुलतभाऊ नुसत्या वास्तव्याने इतरांचा मालक होत नाही. त्याने त्यांचा हक्क उघडपणे नाकारला होता हे दाखवावे लागते. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल कब्ज्याचा हा संपूर्ण नियमच अन्यायकारक ठरवून फेरविचार सुचवला, २०१९ साली त्याच न्यायालयाने कब्जेदाराला या आधारावर स्वतः दावाही लावता येतो असे सांगितले, आणि २०२३ साली विधी आयोगाने आपल्या २८० व्या अहवालात बदलाची गरज नाही असा अभिप्राय दिला. इंग्लंडने, ज्याच्या विधिपरंपरेतून हा नियम इकडे आला, २००२ च्या कायद्याने नोंदणीकृत मालकाला आधी सूचना देणे आवश्यक केले आहे. भारतात तशी सूचना नाही, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मालकांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. गोव्यात स्थलांतरितांची बंद घरे बनावट कागदांनी बळकावण्याचे प्रकार इतके वाढले, की राज्याला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले आणि २०२४ साली बेवारस मालमत्तेसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

पुण्यात मृत मालकाचे घर रीतसर घेण्याची वाट त्यामुळे ताब्यातून जात नाही, वारसांच्या शोधातून जाते. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रकावर अनेकदा पणजोबांचेच नाव असते आणि महापालिकेचे करबिल भलत्याच नावाने निघते. करबिल हा मालकीचा पुरावा नाही, हे येथे अनेकांना उशिरा कळते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील जुन्या दस्तांचा शोध, वृत्तपत्रांतील जाहीर नोटीस, वारसांचे दाखले, सात वर्षे बेपत्ता असलेल्याला मृत मानण्याचा हुकूम, हिस्सा सोडणाऱ्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे, न जुळल्यास वाटपाचा दावा, आणि सरतेशेवटी खरेदीखत व फेरफार, असा हा लांबलचक क्रम आहे. त्यातील एक हिस्सेदार जरी सुटला तरी तो किंवा त्याची नातवंडे पुढे उभी राहू शकतात. कंटाळून अर्ध्यातच ताबा घेणारे, किंवा एकट्या वृद्ध वारसाची सही घेऊन सगळा वाडा घेतल्याचे समाधान मानणारे, बहुधा घर विकत घेत नाहीत, खटला विकत घेतात.

या क्रमात ज्या वारस दाखल्यावाचून पुण्यातील स्थावराचे काम अनेकदा पुढे सरकत नाही, तो मागण्याचा अर्ज आजही मुंबई विनियम आठ, १८२७ याच्याच आधाराने केला जातो.